शेवटच्या गल्लीतलंच दूध का फाटायचं?

दूध फाटल्याची तक्रार डेअरीला नवी नसते. शेकडो घरी रतीब असला की रोज कुणाचं तरी पातेलं नीट घासलेलं नसतं, कुणी दूध ओट्यावर ठेवून पुन्हा डोळा लावतं, आणि बोल खायला दूधवाला असतोच. त्यामुळे सुरुवातीला आमच्या डेअरीत या तक्रारी वहीत चढल्या आणि वहीतच राहिल्या. मग त्या एकाच लाइनवरून, म्हणजे एका गाडीच्या ठरलेल्या रस्त्यावरून, येऊ लागल्या, आणि त्या लाइनच्याही शेवटच्या दोन-तीन गल्ल्यांतून. तेव्हा मात्र प्रकरण मॅनेजर साहेबांच्या टेबलावर गेलं आणि तिथून थेट लाइनवरच्या दादांच्या अंगावर आलं.

मी तेव्हा सकाळी त्याच लाइनवर मदतनीस होतो आणि दुपारी ऑफिसात वह्या लिहायचो. खाडे, जादा दूध, उधारी, तक्रारी, सगळं. गाडीवरही मी आणि वहीवरही मीच, म्हणून हे प्रकरण मला दोन्हीकडून दिसलं. ते इथे सविस्तर मांडतोय, कारण यात सगळ्यांनी आधी चोराचा तपास केला. फाटणाऱ्या दुधाचा तपास बराच उशिरा सुरू झाला.

डेअरी आणि लाइन

डेअरी छोटी होती. आसपासच्या उत्पादकांचं दूध संध्याकाळी यायचं, माप आणि फॅट होऊन एकत्र व्हायचं, व्हॅटमध्ये ६३ अंशांवर ३० मिनिटं धरून पाश्चराइज व्हायचं आणि थंड होऊन टाकीत पडायचं. मोठ्या प्लांटमध्ये हेच काम ७२ अंशांवर १५ सेकंदांत उरकतं, पण आमच्याकडे तेवढी मशिनरी नव्हती. टाकीत दूध ४-५ अंशांवर राहायचं. रात्री दोनच्या पुढे भरणी सुरू व्हायची आणि चारच्या सुमाराला गाड्या दाराशी लागायच्या.

कॅन ४० लिटरचे, ॲल्युमिनियमचे. भरलेला कॅन कुणी उचलत नाही. तो कलता करायचा, गळ्याला धरायचा आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत न्यायचा. नव्या माणसाच्या पायावर तो एकदा तरी येतोच. फरशीवर त्याचा जो आवाज होतो त्यावरून दादा पाठमोरे असतानाही सांगायचे, "हा गळ्यापर्यंत नाही भरलेला, परत घे."

गाडीला दार एकच, मागच्या बाजूला. पहिला भरलेला कॅन पहिला आत जायचा आणि केबिनच्या पत्र्याला टेकायचा, त्याच्यामागे पुढचे. शेवटी भरलेला दाराशी. लाइनवर गेल्यावर दाराशी असलेला कॅन आधी उघडायचा, हे ओघानेच आलं. भरणीतली ही साधी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत होती, आणि रोजच घडत असल्यामुळे तिचा कुणी विचार करत नव्हतं.

लाइनवर काम दोघांचं. दादा लांब दांड्याच्या मापाने कॅनमधून किटलीत दूध काढायचे, मी किटली घेऊन जिने चढायचो. निम्म्या घरांची दारं बंदच असायची. बाहेर पातेलं, त्यावर ताटली, ताटलीवर मांजरासाठी दगड किंवा वरवंटा. दगड उतरवून, दूध घालून, पुन्हा दगड ठेवून उतरायचं, आणि यातलं काही वाजता कामा नये. जास्त-कमी काही असेल तर कार्डावर लिहिलेलं असायचं. खाड्याचं मात्र लोक आयत्या वेळी सांगायचे. पातेलं बाहेर नाही म्हणजे आज नको, हे आपलं आपण ओळखायचं. ज्या दिवशी बंद दारं जास्त, त्या दिवशी दूध उरायचं. ते गाडीबरोबर परत यायचं आणि वहीत "परत" या रकान्यात लिहिलं जायचं.

तक्रार नेमकी काय होती

शेवटच्या गल्लीत कोपऱ्यावर एक आजी राहायच्या. त्यांनी एकदा पातेलंच दारात आणून दाखवलं. वर पिवळसर पाणी, त्यात बारीक चुरा, आणि कडेला चिकटलेली साय जशीच्या तशी. त्या म्हणाल्या, "घेतलं तेव्हा वास घेतला होता, चांगलं होतं. चमचाभर प्यायलेही. वर यायला लागलं आणि बघता बघता असं झालं."

आजींनी सांगितलेला क्रम फार महत्त्वाचा होता. दूध आंबट लागत नव्हतं, दिसायला ठीक होतं, आणि फाटत होतं ते फक्त तापवताना. ताज्या दुधाची आम्लता लॅक्टिक आम्लाच्या हिशेबात साधारण ०.१४ टक्के असते आणि सामू ६.६ ते ६.८. न तापवता दूध आपणहून घट्ट व्हायचं तर सामू ४.६ च्या आसपास उतरावा लागतो, म्हणजे त्याचं दहीच व्हावं लागतं. तापवताना मात्र एवढी मजल गाठावी लागत नाही. आम्लता ०.२० ते ०.२२ टक्क्यांपर्यंत चढली की उकळी येताना त्यातलं केसीन हे प्रथिन एकवटतं आणि पाणी वेगळं होतं. ०.१४ आणि ०.२२ यांच्या मधल्या पट्ट्यातलं दूध फसवं. नाकाला ते कळत नाही, जिभेला जेमतेम कळतं, आणि भांडं चुलीवर चढलं की सगळं उघड होतं. आमच्या शेवटच्या गल्लीत जे जात होतं ते या पट्ट्यातलं होतं.

पण त्या वेळी ऑफिसात आम्लतेचं नाव कुणी काढलं नाही. साहेबांनी एकच शब्द उच्चारला: पाणी.

लॅक्टोमीटर

त्यांचा तर्क अगदीच पोकळ नव्हता. दूध लाइनच्या शेवटी कमी पडतं, कमी पडलं की माणूस पाणी घालतो, म्हणून शेवटच्याच गल्लीत तक्रार. ऐकायला चोख. यात गोम एवढीच की पाणी घातल्याने दूध पातळ होतं, फाटत नाही. अगदी घाण पाणी असलं तरी तासाभरात दूध फाटण्याइतकं आम्ल त्यातून येत नाही. पण संशय एकदा माणसावर बसला की तक्रार पातळ दुधाची आहे की फाटलेल्या, हे कोण बघतो?

एका सकाळी साहेब स्कूटरवरून लाइनच्या शेवटाला येऊन थांबले. हातात दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर आणि काचेचं उभं भांडं. दादांनी नुकतंच नव्या कॅनचं झाकण काढलं होतं. साहेबांनी वरूनच मापभर दूध घेतलं, लॅक्टोमीटर सोडला आणि डिग्री वाचली. पहाटे गेटवर नोंदलेल्या डिग्रीपेक्षा ती दोनेक अंशांनी कमी भरली. ते दादांना एवढंच म्हणाले, "आता काय बोलायचं?" दहा टक्के पाणी घातलं की डिग्री साधारण तीन अंशांनी उतरते, हा हिशेब डेअरीतल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्या हिशेबाने दादांनी सहा-सात टक्के पाणी घातलं होतं. त्या दिवसापासून फाटलेल्या दुधाची भरपाई दादांच्या कमिशनमधून कापायला लागले, आणि तक्रारवहीत नोंदीशेजारी लाल शाईने "पाणी" असं लिहायचं मला सांगण्यात आलं.

दादा भांडले नाहीत. दुपारी लॅबमध्ये जाऊन मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमची ती फॅटवाली तपासणी करा. जे निघेल ते निघेल."

लॅबच्या मॅडम थोड्या तुसड्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो साहेबांना: डिग्री घेतली तेव्हा दुधाचं तापमान किती होतं? ते कुणी बघितलंच नव्हतं. लॅक्टोमीटर म्हणजे घनता मोजायचं साधन. दूध जितकं गार तितकं ते दाट आणि लॅक्टोमीटर वर तरंगतो; कोमट झालं की खाली उतरतो. म्हणून प्रत्येक लॅक्टोमीटर कुठल्या तरी ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो, आणि दूध त्या तापमानाला नसेल तर दुरुस्ती करावी लागते. ती साधारण दर अंश सेल्सिअसला ०.२ डिग्रीच्या आसपास पडते. गेटवरचं दूध ५ अंशांचं, लाइनच्या शेवटी तेच १२-१४ अंशांपर्यंत चढलेलं. दोनातली बहुतेक तूट तिथेच भरून निघाली.

दुसरी गोष्ट सायीची. आमचं दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे स्निग्धांश बारीक करून एकजीव केलेलं, नव्हतं, त्यामुळे भरल्यावर काही तास उभ्या राहिलेल्या कॅनमध्ये स्निग्धांश वर चढायचा. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. न ढवळता वरचं दूध घेतलं तर डिग्री कमीच लागणार, आणि ती कमी लागते ते दूध जास्त कसदार आहे म्हणून. पहिल्या घरांना भरपूर साय आणि कॅन तळाला गेल्यावर "आज साय धरत नाही" ही कुरकुर आम्ही रोज ऐकायचो, तीही याच कारणाने. कॅनबरोबर ढवळणी द्यायला हवी हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती नेमकी प्लांटवरच राहायची.

मॅडमनी शेवटच्या गल्लीतला नमुना गर्बर पद्धतीने लावला. निकलाउस गर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाची ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची पद्धत: ब्युटायरोमीटर नावाच्या लांब मानेच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, वर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. नळी हातात धरवत नाही इतकी तापते आणि आतलं दूध काळपट तपकिरी होतं. मग सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशांच्या पाण्यात, आणि शेवटी मानेत जी पिवळी पट्टी दिसते तो फॅट. पट्टी गेटवरच्या नमुन्यापेक्षा लांब निघाली. पाणी घातलेल्या दुधाचा फॅट वाढत नाही. पाण्याचा आरोप तिथेच संपायला हवा होता.

कागदावर तो संपलाही. पण कमिशनमधली कपात चालूच राहिली, कारण दूध फाटायचंही चालूच होतं. आणि लॅक्टोमीटरबद्दल माझं मत सांगायचं तर, अडाणी चोर पकडायला तो ठीक आहे. मुरलेला चोर पाण्याबरोबर साखर किंवा मीठ घालून डिग्री जागेवर आणतो. म्हणजे शहाणा सुटतो आणि कोमट दूध घेऊन फिरणारा प्रामाणिक माणूस अडकतो.

ऊन आणि ओली पोती

पाण्यानंतर उन्हावर बोट गेलं. लाइन लांब आहे, शेवटपर्यंत जाईतो दूध तापतं, म्हणून फाटतं. हे सगळ्यांना पटलं, कारण यात कुणाचाच दोष नव्हता. कॅनवर ओली पोती टाकायची ठरलं, गाडी अर्धा तास आधी निघू लागली. आठवडाभर तक्रार आली नाही आणि साहेबांनी प्रकरण मिटल्याचं जाहीरही केलं. पुढच्याच आठवड्यात दोन दिवस लागोपाठ दूध फाटलं.

मॅडमना हे कारण आधीपासूनच पटलं नव्हतं. ४० लिटर गार दूध दोन-तीन तासांत फार चढत नाही. शेवटच्या कॅनचं तापमान आम्ही थर्मामीटरने रोज बघत होतो. आणि पाश्चराइज केलेलं चांगलं दूध १४ अंशांवर दोन तासांत फाटण्याइतकं आंबूच शकत नाही. पाश्चरायझेशनने रोगजंतू मरतात. काही चिवट जिवाणू उरतात खरे, पण ते एवढ्या वेळात एवढा उद्योग करत नाहीत. म्हणजे दूध गाडीत चढतानाच जुनं असलं पाहिजे. पण गेटवर तर रोज चाचणी होत होती. ५ मिली दूध परीक्षानळीत, नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, आणि मग नळी आडवी करून काचेवर कण दिसतात का ते बघायचं. एकदाही कण दिसले नव्हते.

याच सुमाराला प्लांटमधल्या एकाने हळूच सुचवलं, चिमूटभर सोडा टाकू, फाटायचं थांबेल. थांबलंही असतं. सोड्याने आम्ल दबतं आणि सडकं दूधही उकळीला टिकतं. मॅडमनी त्याला लॅबमध्ये बोलावून रोझोलिक आम्लाची बाटली दाखवली. सोडा घातलेल्या दुधात ते टाकलं की गुलाबी-लाल रंग येतो. "उद्यापासून रोज टाकणार आहे," म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

गाडी बंद पडली त्या दिवशी

धागा हाती लागला तो एका बिघाडामुळे. पहाटे आमची गाडी गेटपासून थोड्याच अंतरावर बंद पडली. दुसरी गाडी आणून तिच्या दाराला दार लावलं आणि कॅन एकेक करून सरकवले. जुन्या गाडीत दाराशी असलेले कॅन आधी निघाले आणि नव्या गाडीत सगळ्यात आत गेले. पत्र्याला टेकलेले होते ते शेवटी निघाले आणि दाराशी आले. घाईत कुणाच्या मनातही काही आलं नाही. अर्धा-पाऊण तास उशीर झाला एवढंच.

त्या दिवशी तक्रार आली ती पहिल्या गल्लीतून. जिथून आधी कधीच आली नव्हती. शेवटची गल्ली गप्प, आणि पहिल्या गल्लीतल्या एका काकू ऑफिसच्या दारात पातेलं घेऊन उभ्या.

दुपारी नोंद करताना मी मागची पानं चाळली. तक्रारवही तारखेप्रमाणे लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यात सगळ्या लाइनी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मी आमच्या लाइनच्या नोंदी वेगळ्या कागदावर उतरवल्या, पण घरांच्या क्रमाने. बाजूला त्या दिवशी कुठल्या घरापाशी कुठला कॅन उघडला असेल ते अंदाजाने लिहिलं. तक्रारी हळूहळू वाढत गेल्या असत्या तर उन्हाचं कारण पटलं असतं. तसं नव्हतं. एका घरापर्यंत काहीच नाही आणि तिथून पुढे एकदम, म्हणजे जिथे शेवटचा कॅन उघडायचा तिथून पुढे. बिघाडाच्या दिवशी तोच कॅन पहिला उघडला होता. दूध फाटणं वेळेवर नव्हतं, उन्हावर नव्हतं, एका कॅनवर होतं. आणि तो कॅन म्हणजे रात्री सगळ्यात आधी भरलेला.

त्याच पानांवर आणखी एक गोष्ट दिसली. तक्रारींच्या आदल्या दिवशीचा "परत" रकाना मोठा होता. सुट्टी, मग त्या दिवशी खाडे, मग उरलेलं दूध, आणि दुसऱ्या दिवशी फाटाफाट. तक्रार नसलेल्या त्या आठवड्यात सुट्टी नव्हती आणि परत आलेलं दूध नावाला होतं. ओल्या पोत्यांना उगाच श्रेय मिळालं होतं.

कागद मॅडमच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "परत आलेलं दूध जातं कुठे?"

रात्रीची भरणी

पूर्वी परत आलेलं दूध क्रीम सेपरेटरला, म्हणजे दुधातून क्रीम वेगळं काढायच्या मशीनला, जायचं. मग केव्हातरी, नुकसान कमी करायच्या एका मीटिंगनंतर, सेपरेटर रोज लावायचा बंद झाला आणि "परत आलेलं वाया घालवायचं नाही" एवढा निरोप रात्रपाळीला गेला. भरणीवरचा मुलगा प्रामाणिक होता. गोदामात जुना माल आधी काढतात हे त्याला ठाऊक होतं, तेच त्याने दुधाला लावलं. सकाळी दहाला परत आलेलं दूध दुपारपर्यंत कॅनमध्येच राहायचं, मग शीतगृहात जायचं, आणि रात्री पहिल्या कॅनमध्ये तळाला ओतलं जायचं. वरून टाकीतलं ताजं. आमच्या लाइनवर दूध जास्त परत यायचं, म्हणून आमच्याच लाइनचा पहिला कॅन असा भरला जायचा. "आधी जुनं संपवायचं ना, मॅडम?" त्याने अगदी सरळ विचारलं.

गेटवरचा नमुना मात्र टाकीतून घेतला जात होता. टाकीतलं दूध खरंच चांगलं होतं. कॅनमध्ये काय आहे ते कुणी तपासत नव्हतं.

मॅडम त्या रात्री थांबल्या. एका सुट्टीनंतरची रात्र होती, पहिल्या कॅनमध्ये तिसरा हिस्सा तरी परतीचं दूध पडलं. तो कॅन त्यांनी लाइनवर जाऊ दिला नाही, बदली कॅन भरून दिला. मग तीन नळ्या घेतल्या: टाकीतलं दूध, परतीचं नुसतं, आणि भरलेल्या कॅनमधलं. प्रत्येकीत १० मिली दूध आणि १ मिली मिथिलीन ब्लू, आणि तिन्ही ३७ अंशांच्या पाण्यात. दुधात जिवाणू जितके जास्त तितक्या लवकर निळा रंग जातो, कारण ते दुधातला ऑक्सिजन संपवतात. लाइनवरून आम्ही परतलो तेव्हा परतीच्या दुधाची नळी केव्हाच पांढरी झालेली होती, अर्ध्या तासाच्या आतच, असं मॅडम म्हणाल्या. कॅनच्या नळीला दीडेक तास लागला. टाकीतलं दूध दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत निळं होतं.

आम्लतेचे आकडे त्याहून बोलके होते. भरतेवेळी टाकीतलं ०.१४, कॅनमधलं ०.१७. उकळत्या पाण्यातल्या चाचणीत तो कॅनही पास झाला. म्हणजे गेटवर कॅनमधून नमुना घेतला असता तरी त्या वेळी नळीत कण दिसले नसते. तेच दूध टेबलावर उघडं ठेवलं आणि आठच्या सुमाराला पुन्हा तपासलं, तेव्हा नळीत चुरा झाला. काही घरी फाटायचं आणि शेजारच्या घरी नाही, याचं उत्तरही त्यात होतं. ज्यांनी दूध घेतल्याबरोबर तापवलं त्यांचं वाचलं. ज्यांनी पातेलं ताटलीखाली दारातच राहू दिलं त्यांचं गेलं. उशिरा उठणाऱ्यांवर आम्ही मनातल्या मनात जो ठपका ठेवला होता तो निम्माच खरा होता.

पुढे काय केलं

मॅडमनी साहेबांना जे सांगितलं ते माझ्यासमोरच, आणि त्यात दादांचं नाव एकदाही आलं नाही. नळ्या दाखवल्या, आकडे दाखवले, माझा कागद दाखवला. साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पण डिग्री कमी लागली होती." मॅडमनी पुन्हा एकदा तापमानाची दुरुस्ती समजावून सांगितली. तो निरोप आपणच रात्रपाळीला पाठवला होता, हे ते बोलले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

बदल फार मोठे नव्हते. परतीच्या दुधासाठी लाल पट्ट्याचे कॅन वेगळे केले. ते भरणीच्या फरशीवर आणायलाच मनाई. गाडी आली की परतीचं दूध लगेच थंड करून त्याच सकाळी सेपरेटरला. क्रीम निघालं की उरलेलं स्किम, म्हणजे बिनसायीचं दूध, विरजणाला. गेटवरचा नमुना टाकीऐवजी गाडीत चढलेल्या कॅनमधून, ढवळून. आणि रोज कुठल्या तरी एका कॅनचा मिथिलीन ब्लू. ही चाचणी सकाळी विकलेल्या दुधाचा निकाल दुपारी देते, त्यामुळे त्या दिवशीचं दूध तिने वाचत नाही, पण भरणीत काही बिघडलं की दुसऱ्या दिवसाच्या आत कळतं.

सगळ्यात जास्त फरक माझ्या मते खाड्यांनी पडला. दूध परत येतं कारण खाडा आयत्या वेळी कळतो. दादांनी लाइनवर घरोघरी सांगून ठेवलं की सुट्टीला बाहेर जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी ऑफिसात कळवा. लोक कळवायला लागले. मी संध्याकाळी बेरीज करून भरणीला आकडा द्यायचो, आणि तेवढंच भरलं जायचं. परत येणारं दूध इतकं घटलं की साध्या दिवशी लाल पट्ट्याच्या कॅनमध्ये दूध तळालाच राहायचं.

दादांचं कापलेलं कमिशन पुढच्या महिन्यात "फरक" या नावाने जमा झालं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी ऑफिसात येऊन तक्रारवही मागितली, लाल शाईतल्या एकेका "पाणी"वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे खोडायचं नाही. बाजूला खरं कारण लिहायचं, आणि सही साहेबांची." आठवडाभर वही दोन्ही टेबलांमध्ये फिरली. शेवटी प्रत्येक नोंदीपुढे मी "परतीचं दूध मिसळल्याने" असं लिहिलं आणि खाली सह्या झाल्या. लाइनवर अचानक डिग्री तपासायचं साहेबांनी नंतरही सोडलं नाही. फरक एवढाच की थर्मामीटर दादा स्वतःच्या खिशातून काढून पुढे धरायचे.

त्यानंतर लागोपाठ सुट्ट्या आल्या आणि एकदम दोन कॅन दूध परत आलं. खरी कसोटी तीच होती. साहेब लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. ते काही विचारायच्या आधीच मॅडमनी क्रीम किती निघेल, स्किम किती उरेल आणि तोटा किती पडेल याचा हिशेब कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, खाली सही केली आणि सेपरेटर लावायला सांगून निघून गेले.